टेप लावलेली खिरापत

ये गं, अशी जवळ ये. तू तिकडे अमेरिकेत आणि मी इकडे वुडलँड्सच्या नवव्या मजल्यावर, जवळ कशी येणार म्हणशील. पण तो फोन पालथा घालून हे वाचायला बसलीस की आलीस असं मी समजेन. आणि आधी थोडं रागावून घेऊ दे, मग गोष्ट. तीन आठवडे आजीची आठवण नाही आणि मग एकदम अकरा फोटो. लाल-पिवळी झाडं, धबधबा, ती बसएवढी गाडी, गाडीत फ्रीज, गाडीत संडास, त्या संडासाचासुद्धा फोटो. आणि खाली काय लिहिलंस? या वर्षी भोंडल्याला बुट्टी मारली आणि कॅम्पर घेऊन जंगलात राहायला गेलो, आजी, तू असलं कधी केलं नसशील.

बुट्टी मारलीस ते एक वेळ राहू दे. पण भोंडला करायचा तर घरात बसायचं आणि मजा करायची तर कॅम्परने जायचं, असं तुला कुणी सांगितलं? तुझ्या आईने नक्कीच नाही, कारण तिने हे दोन्ही एका दिवसात केलंय, नऊ वर्षांची असताना. मी बरोबर होते. डबा माझ्याच मांडीवर होता. तिने तुला हे सांगितलेलं दिसत नाही, आणि का नाही ते मला माहीत आहे. त्यात तिचा हट्टीपणा उघडा पडतो आणि मग तुला कुठल्या तोंडाने रागावणार?

तर ऐक. नव्वद सालानंतरचीच गोष्ट, आम्हाला सिंगापूरला येऊन पाच वर्षं झाली होती. तुझे आजोबा आधी बोटीवर इंजिनिअर होते, मग तुझी आई शाळेत जायला लागली तेव्हा किनाऱ्यावर आले आणि गोदीत जहाजं दुरुस्त करायला लागले. बोट सुटली, सवयी राहिल्या. स्वयंपाकघराला गॅली म्हणायचे. घरात काही सैल, हलणारं किंवा गळणारं दिसलं की त्याला गोदीतली पिवळी टेप. टीव्हीच्या रिमोटला टेप, झाडूला टेप, माझ्या चष्म्याच्या काडीलाही एकदा लावली होती आणि ती लावून मी हळदीकुंकवाला गेले होते, हे मला घरी परत आल्यावर कळलं.

इथे तुमच्यासारखी पानं लाल होत नाहीत. बारा महिने सगळं हिरवंगार आणि अंगाला चिकचिक. आश्विन लागला हे झाडाकडे बघून कळत नाही, फ्रीजवर लावलेल्या मराठी कॅलेंडरकडे बघून कळतं. तरी नवरात्र आलं की आम्ही पाच-सहा घरच्या बायका आणि मुली भोंडला करायचो. पाटावर तांदळाचा हत्ती, भोवती फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेला. आत काय ते ज्यांनी केलं त्यांनी सांगायचं नाही, बाकीच्यांनी गोड का तिखट, कोरडं का ओलं विचारत विचारत पोचायचं, आणि सगळ्यांनी हात टेकले तरच झाकण काढायचं. मुलींचं अर्धं लक्ष गाण्यात असायचं आणि दीड लक्ष त्या डब्यात.

आणि आमच्या खिरापतीचं वाटोळं करायला एक वहिनी होत्या. पुण्याच्या, बुओना व्हिस्टाला कॉन्डोत राहायच्या, त्यांचे यजमान कॉम्प्युटरवाले, ऑफिस तांजोंग पगारला. बाई मनाची मोठी, आजारपणात रात्रभर बसेल अशी, पण नाक असं की विचारू नकोस. आमच्या पहिल्या वर्षीच्या भोंडल्याला माझ्या पदराला कढीपत्त्याचं एक पान चिकटलेलं होतं. त्यांनी ते उचललं, पाहिलं आणि म्हणाल्या, भडंग. अजून आम्ही फेर धरला नव्हता. दुसऱ्या वर्षी मी लिटल इंडियात खसखस घेत होते आणि मागे वळते तर ह्या उभ्या, माझ्या टोपलीत डोकावत. तिसऱ्या वर्षी तुझ्या आईने त्यांच्या मुलीला लिफ्टमध्ये, कुणाला सांगू नको म्हणून, सांगून टाकलं. तळमजल्यावरून नवव्या मजल्यावर येईपर्यंत खिरापत फुटली.

त्या तिसऱ्या वर्षी सगळ्या गेल्यावर तुझी आई सोफ्यावर बसली आणि मला म्हणाली, इथली सगळी मुलं वाक्याला लावतात तो लाह लावून, "आय डोन्ट वॉन्ट टू डू धिस एनी मोअर, लाह. एव्हरी इयर सेम."

मी हसण्यावारी नेलं. पुढल्या वर्षी घट बसायच्या आधी आठवडाभर मी पाट घासायला काढला तेव्हा तिने परत सांगितलं, आणि तेव्हा मात्र मी हसले नाही. तुला खरं सांगते, तोवर ती मराठीत बोलायची ती फक्त मी डोळे मोठे केले की. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला इंग्रजी, आमच्याशीही हळूहळू इंग्रजी, मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. भोंडल्याची गाणी तेवढी ती न सांगता म्हणायची, आंघोळ करताना, बूट घालताना, कडवी उलटीसुलटी करून. ते गेलं तर मग माझ्याजवळ काय उरणार होतं? तेव्हा मी बोलले नाही, पण भीती होती ती ही.

शेवटी तुझी आई एका अटीवर कबूल झाली. या वर्षी खिरापत ती करणार. एकटी. मला नाही सांगणार, बाबांना नाही सांगणार, आणि वहिनींना ओळखता आली तर हा शेवटचा भोंडला, पुढे मी काही म्हणायचं नाही. मी कबूल केलं. तुझे आजोबा पेपरमागून म्हणाले, "बघ हां, लेखी करून मागेल." तिने खरंच वहीच्या पानावर सही घेतली माझी.

आता कॅम्परचं. गोदीत तुझ्या आजोबांच्या हाताखाली जोहोरचा, म्हणजे पलीकडच्या मलेशियातला, एक मेकॅनिक होता, रोज कॉजवे, तो समुद्रातला पूल, ओलांडून यायचा. त्याने एक जुनी पाव पोचवायची व्हॅन घेऊन तिच्यात दोन बाक, एक पाडता-उचलता येणारं टेबल आणि गॅसची शेगडी बसवली होती. गोदीत मोडीत निघालेल्या बोटीची एक गोल खिडकीही त्याने तिला बसवली. तुझे आजोबा त्या खिडकीच्या प्रेमात पडले. शनिवार-रविवार व्हॅन मिळते आहे, पलीकडे कोटा टिंगीला धबधबा आहे, चला. मी म्हटलं, नवरात्र आहे, शनिवारी आपल्याकडे भोंडला आहे. ते म्हणाले, मग घ्या की पाट बरोबर, हत्तीला पासपोर्ट लागत नाही. इतर बायकांनी मुलींच्या परीक्षा पुढे केल्या. वहिनी मात्र लगेच तयार, यजमान कामात होते म्हणून आपल्या मुलीला आणि तिच्या गणिताच्या चार पुस्तकांना घेऊन. त्यांना धबधब्याचं काही नव्हतं. त्यांना कळलं होतं की या वर्षी खिरापत आमच्या लेकीने केली आहे आणि आईलाही ठाऊक नाही.

कारण खरंच मला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या आईने माझ्याकडून एक स्टीलचा डबा, एक फ्लास्क आणि जॅमची रिकामी बाटली मागून घेतली, दप्तरात घातली आणि ती कुठेतरी गेली. शनिवारी पहाटे परत गेली आणि तिन्ही भरून, झाकणं लावून आणली. कुठे भरलंस म्हटलं तर चेहरा पाषाण. वाण्याच्या दुकानातून बिस्किटं तर नाही ना भरलीस, म्हटलं तर दुखावली. मग बाबांकडे गेली आणि तिन्हींना टेप लावून घेतली. त्यांनी गोदीतल्यासारखी तीन-तीन वेढे लावले, मग डबा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला आणि मला हळूच म्हणाले, दीड किलो आहे, ओलं असावं. हे असे इंजिनिअर.

सकाळी आम्ही पाच जण, चार पिशव्या, एक पाट आणि तो डबा बसने कॉजवेवर गेलो. सिंगापूरकडून सुटलो, पलीकडे जोहोरच्या कस्टमला उतरलो. लांब टेबल, त्यावर पिशव्या ठेवायच्या. टेबलामागे डोक्याला रुमाल बांधलेली एक मलाय बाई, माझ्याच वयाची, कडक इस्त्रीचा गणवेश. तिने पाट उलटापालटा करून पाहिला, सोडून दिला. गणिताची पुस्तकं पाहिली, वहिनींच्या मुलीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग माझ्या हातातल्या डब्यावर बोट ठेवून विचारलं की यात काय आहे.

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

अगं, हसतेस काय? खरं बोलले. दुसऱ्या देशात शिरताना टेपने गुंडाळलेला डबा छातीशी धरून आत काय आहे ते माहीत नाही असं सांगायचं नसतं, हे मला तोंडातून शब्द गेल्यावर सुचलं. तिने मला परत विचारलं, सावकाश. मी परत तेच सांगितलं, सावकाश. मागून वहिनी म्हणाल्या, "अहो वहिनी, खिरापत आहे म्हणून सांगा ना." मी म्हटलं, "खिरापत आहे हो, पण कसली ते तिला हवंय."

मग तुझे आजोबा मदतीला आले आणि सगळं आणखी बिघडवलं. त्यांनी तिला इंग्रजीत भोंडला समजावला. एक हत्ती असतो, बायका त्याच्याभोवती फिरतात, आणि डब्यात जे असतं ते गुप्त असतं. गुप्त म्हटल्याबरोबर बाईने हात वर करून दुसऱ्या एकाला बोलावलं आणि तो सुरी घेऊन आला. फ्लास्क आणि जॅमची बाटलीही टेबलावर आली. बाटलीत काळं, दाट, चिकट काहीतरी. तुझे आजोबा बाटलीकडे बघून पुटपुटले की ग्रीस दिसतंय. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात तुझी आई टेबलापुढे गेली. टाचा उंचावल्या तेव्हा कुठे तिची हनुवटी टेबलाला लागली. रडली नाही. ती म्हणाली की डबा उघडा, पण इथे नको, त्या आंटीसमोर नको. आणि सरळ वहिनींकडे बोट दाखवलं.

कस्टमची बाई वहिनींकडे अशी बघायला लागली जशी काही सगळ्याची सूत्रधार हीच. वहिनी लाल झाल्या. मला म्हणाल्या, मी काय केलं हो, मी तर नुसती पिशव्या धरून उभी आहे. मग तुझ्या आईने माझ्याकडेही बोट दाखवलं, आईसमोरही नको. आणि बाबांसमोर तर नकोच, ते वजन करतात.

ती बाई डबा, फ्लास्क, बाटली आणि तुझी आई, असं सगळं घेऊन लाकडी आडोशाच्या मागे गेली. आडोसा जमिनीपासून वीतभर वर होता. मला तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसत होते, शेजारी त्या बाईचे काळे. मी त्या बुटांवरून नजर हलवली नाही. टेप ओरबाडल्याचा आवाज आला. मग काळे बूट एक पाऊल पुढे आले. मग आतून हसू ऐकू आलं, आधी मोठं, मागोमाग लहान, आणि मलाय भाषेत काहीतरी बोलणं. आणि आमची मुलगी, जी मला मराठीत उत्तर द्यायला तयार नसायची, ती मलायमध्ये उत्तर देत होती.

बाहेर आल्या तेव्हा डब्याला पिवळ्या टेपवर कस्टमची पांढरी टेप लागली होती. बाईच्या ओठाच्या कोपऱ्याला काळा ठिपका होता, तो तिने रुमालाने टिपला. तुझ्या आजोबांना राहवेना, त्यांनी अदबीने विचारलं की मॅडम, काय होतं.

"कॅनॉट टेल, लाह," ती म्हणाली. आणि तुझ्या आईकडे बघून डोळा मिचकावला.

वहिनी मला म्हणाल्या, "झालं. पहिला घास देवीला सोडून कस्टमला."

मेकॅनिक पलीकडे व्हॅन घेऊन उभा होता. चावी दिली आणि दार कसं बंद करायचं ते दाखवलं. ते आतून दोरीने बांधायला लागायचं. तुझ्या त्या फ्रीजवाल्या गाडीचे फोटो पाहिले ना, तर सांगते, आमच्या व्हॅनमध्ये फ्रीज म्हणजे बर्फ घातलेली बादली, नळ म्हणजे पाण्याचा कॅन, संडास म्हणजे पुढे पेट्रोलपंप लागेल तेव्हा. पावाचा वास अजून जात नव्हता. पण ती गोल खिडकी होती, आणि त्यातून ताडाच्या बागा मागे पळताना बघत तुझे आजोबा आम्हाला बोटीवर असताना कुठलं बंदर कधी लागलं ते सांगत होते. गाडी तेच चालवत होते, त्यामुळे मला अधूनमधून ओरडावं लागत होतं की पुढे बघा.

वहिनी कामाला लागल्या होत्या. मी डबा मांडीवर घेतला होता, त्या शेजारी सरकून बसल्या. गाडी वळणावर वळली की कान लावायच्या. "खुळखुळत नाही," म्हणाल्या, "म्हणजे चिवडा, लाडू गेले." मग त्यांनी आपला डबा उघडला, नवरात्राचे उपास होते त्यांचे, साबुदाण्याची खिचडी आणली होती, ती चमच्याचमच्याने खात माझ्या डब्याकडे बघत राहिल्या. तुझी आई दर दहा मिनिटांनी विचारायची की किती वेळ आहे. मला वाटलं कंटाळली. मी म्हटलंसुद्धा, जरा बाहेर बघ की, किती सुंदर आहे. ती बादलीतल्या बर्फात हात घालून फ्लास्क अजून गार आहे का ते बघत होती. तिला काय घोर लागलाय ते मला काय माहीत?

धबधब्यापाशी पोचलो आणि आभाळ फुटलं. दुपारी दीडपासून पावणेचारपर्यंत आम्ही पाच जण पावाच्या व्हॅनमध्ये, दार दोरीने बांधलेलं, टपातून एके ठिकाणी गळतंय, तिथे तुझ्या आजोबांनी टेप लावली, मग शेजारून गळायला लागलं. वहिनींची मुलगी अपूर्णांक सोडवत होती. तुझी आई गोल खिडकीला नाक लावून बसली. शेवटी म्हणाली की आज भोंडला झाला नाही तर डबा फेकून द्यावा लागेल. उद्या करू म्हटलं तर म्हणाली, उद्यापर्यंत राहणार नाही. तेव्हा मला कळलं की डब्यात बिस्किटं नाहीत. काहीतरी नासणारं आहे, मन लावून केलेलं आहे.

पाऊस थांबला तसे आम्ही चिखलात उतरलो. धबधबा फुगून तांबूस झाला होता, आवाज असा की शेजारचीशी ओरडून बोलावं लागे. पाट पिशवीसकट भिजला होता, त्यावर तांदूळ ठरेनात. तुझ्या आजोबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, व्हॅनमधलं टेबल सोडवलं आणि आणून दगडावर ठेवलं. त्यावर मी हत्ती काढला. पाय आखूड झाले, सोंड टेबलाच्या कडेवरून खाली गेली. फेराला आम्ही चौघी. चौघींचा फेर म्हणजे काय गं, हत्ती मधे कोंडल्यासारखा वाटतो, म्हणून आजोबांनाही ओढलं. मोठा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गाण्याचे शब्द येत नाहीत, नुसते शेवटचे ओढून म्हणतो आहे. झाडावरची माकडं खाली येऊन बघायला लागली. त्यांच्या भीतीने डबा मी कमरेवर घेऊन फेर धरला, कळशीसारखा.

तुझी आई गात नव्हती. तिचं लक्ष वहिनींच्या नाकाकडे होतं.

गाणी संपली. डबा टेबलावर ठेवला, हत्तीच्या पाठीवर. नियम असा ठरला की झाकणाची टेप काढायची, झाकण नाही. टेप निघाली तशी फटीतून वास आला, आणि वहिनी एकदम हसल्या. मलाही आला तो. आंबेमोहर. नवा आंबेमोहर शिजताना घरभर होतो ना, तोच वास, जोहोरच्या जंगलात, चिखलात. संपलं, म्हटलं, भात करून आणलाय पोरीने आणि आता ही बाई बोलणार.

"साखरभात," वहिनी म्हणाल्या.

"नाही," तुझी आई म्हणाली.

वहिनींना ते खरं वाटेना. मग नारळीभात. नाही. गूळभात. नाही. केशरी भात. तांदळाची खीर. देवळात देतात तो गोड पोंगल. नाही, नाही, नाही. गोड आहे का विचारलं तर हो. तांदूळ आहे का, तर नाही. वहिनी म्हणाल्या की असं होऊच शकत नाही, वास आंबेमोहराचा आहे, मी काय आज वास घेते आहे? मी ओळखायचा प्रयत्न केला तोही भाताचाच एक प्रकार निघाला. त्यांची मुलगी म्हणाली केक. तुझे आजोबा म्हणाले ग्रीस, आणि त्यांना फेरातून बाहेर काढण्यात आलं.

वहिनींनी पदर खोचला, डब्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोळे मिटून परत वास घेतला. भाताच्या पलीकडे त्यांना जाताच येत नव्हतं. तुझ्या आईने फ्रॉकची कड दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

"हरले गं बाई," वहिनी म्हणाल्या. "उघड."

तुझ्या आईने झाकण काढलं. आत काचेच्या मण्यांसारखं थिजलेलं काहीतरी, त्यात हिरव्या पानाची एक गाठ खोचलेली. तिने वाट्यांत चमच्याने कापून घातलं, फ्लास्कमधून गार नारळाचं दूध ओतलं, बाटलीतला काळा पाक वर सोडला. अजून कुणाला कळेना. वहिनींनी घास घेतला, दातांखाली दाणा आला आणि त्या थांबल्या.

"साबुदाणा?"

तुझी आई नुसती मान हलवत होती, वरखाली, वरखाली.

सकाळपासून तीन वेळा साबुदाणा खाल्लेली बाई गं ती. नऊ दिवस साबुदाण्यावर राहणारी. त्यांनी वाटीत परत बघितलं आणि मग अशा हसायला लागल्या की टेबलाला धरावं लागलं, हत्तीचा मागचा पाय पुसला गेला. वास भाताचा आणि आत साबुदाणा, ही फसवणूक आहे म्हणाल्या, कशी केलीस सांग. त्यावर तुझी आई तोऱ्यात म्हणाली, "काकू, ते सांगायचं नसतं. पुढच्या वर्षी याच्याहून अवघड आणणार आहे मी." अख्खं मराठीत. मी डोळे मोठे न करता. मी वाटीत तोंड घालून बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तुझ्या आजोबांनी पाहिलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं. त्यांनी पाहिलंच. चिडवतातही, अजून.

ते हिरवं पान म्हणजे पंडन. आपल्याकडे कोकणात साध्या भाताला आंबेमोहराचा वास यावा म्हणून कुंडीत लावतात, तेच की. काळा पाक माडाच्या गुळाचा. आणि हे सगळं तिला शिकवलं शेजारच्या मकचिकने, म्हणजे मलाय मावशीने. तुझी आई शाळेतून आली की तिच्याकडे जाऊन बसायची, आणि मी रोज ओरडायचे की लोकांच्या घरी काय काम असतं तुझं, पाढे कोण म्हणणार? आठवडाभर तिथे साबुदाणा भिजवून, शिजवून, बिघडवून बघत होती. आम्ही शेजारशेजारच्या दारांत पाच वर्षं राहत होतो आणि मी तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, बाहेरूनच हसायचे. कस्टमच्या बाईने उघडल्या उघडल्या ओळखलं यात नवल काय, तिच्याच घरचा पदार्थ. सोमवारी मी वाटली डाळ घेऊन मकचिककडे गेले. तिने झाकण काढू दिलं नाही. तिला तुझ्या आईने नियम सांगून ठेवला होता. वास घेऊन म्हणाली, मासे? त्या दिवशी मी दीड तास तिथे बसले.

पुढे तुझी आई लग्न होऊन जाईपर्यंत दर वर्षी खिरापत तीच करायची, आणि वहिनींनी त्यातल्या फार तर चार ओळखल्या. एकदा तर तिने साधी पोळी-साखर आणली होती आणि त्या सुरळीची वडी म्हणून अडून बसल्या.

म्हणून म्हणते, तुमच्या त्या महालासारख्या गाडीत शेगडी आहे, टेबल आहे, बाहेर धबधबा आहे, आणि तुम्ही भोंडल्याला बुट्टी मारता? तांदूळ नव्हते का? मूठभर पुरतात. तुझ्या आईला विचार, गाणी येतात तिला, कडवी उलटीसुलटी असतील. आणि गाडीतल्या फ्रीजमध्ये नारळाचं दूध किती छान राहिलं असतं, मला तर फोटो बघताना तेवढंच दिसलं.

आजोबांना हे लिहितेय म्हटल्यावर त्यांनी कपाटातून पिवळ्या टेपचं रीळ काढून टेबलावर ठेवलंय. वजनकाटा मी लपवलाय. मकचिक आता लेकीकडे राहते, पण या महिन्यात दोन दिवस येणार आहे, आणि आमचं दोघींचं काहीतरी ठरलं आहे. काय ते तू विचारू नकोस. तिकीट काढ. तुझ्या सुट्ट्या मला पाठ आहेत, तेव्हा अभ्यासाचं सांगू नकोस, पुस्तकं बरोबर घेऊन ये, वहिनींच्या मुलीने आणली होती तशी. आईलाही आण, पण विमानात तिला एक अक्षर विचारायचं नाही, ती अंदाज बांधायला लागेल. डबा भरून ठेवते. उद्यापर्यंत न राहणारं आहे, तेव्हा लवकर ये.